मुक्कामी एसटीचे रस्ते : भोर-वाईच्या डोंगरात सायकल चालवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

भोरच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा फळा असतो. त्यावरची स्वारगेट, महाड, सातारा ही नावं सोडून द्यायची. ज्या गावासमोर दिवसाला दोन-तीनच फेऱ्या आहेत आणि शेवटची गाडी मुक्कामी आहे, ते गाव वहीत टिपून घ्यायचं. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात जाते, रात्रभर तिथंच उभी राहते आणि पहाटे कॉलेजची पोरं नि दुधाच्या किटल्या घेऊन परत फिरते. तिथं थांबते, कारण बहुतेक वेळा पुढं रस्ताच नसतो. डोंगर आडवा आलेला असतो.

आपल्याला हवेत ते रस्ते हेच. रस्ता सुंदर आहे म्हणून शांत राहत नाही. उलट सुंदर रस्त्याची वाट लागायला एक रील पुरते. त्याच्यावरून पलीकडे कुठं जाता येत नसलं, की तो शांत राहतो. महाबळेश्वरला निघालेली गाडी तिथं फिरकत नाही, शॉर्टकट शोधणारा ट्रक येत नाही. दुधाचा टेम्पो, दोन-चार मोटारसायकली आणि ठरलेल्या वेळेला एसटी, एवढीच काय ती वर्दळ.

आधी डोंगर समजून घ्या

सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. तिच्यापासून पूर्वेकडे डोंगराच्या रांगा हाताच्या बोटांसारख्या फुटतात आणि दोन बोटांच्या मध्ये एकेक नदी वाहते. भोरच्या बाजूला वेळवंडी आणि नीरा, वाईच्या बाजूला कृष्णा. जवळजवळ प्रत्येक नदीवर खोऱ्याच्या तोंडाशी धरण बांधलेलं आहे : वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा देवघर, कृष्णेवर धोम आणि त्याच्या वरच्या अंगाला बलकवडी.

एवढं ध्यानात आलं की रस्त्यांचे दोनच प्रकार उरतात. एक खोऱ्यातला रस्ता, म्हणजे पाण्याच्या कडेकडेनं पश्चिमेला डोंगराच्या पोटात शिरणारा. त्याला छोटे चढ-उतार भरपूर, पण दम काढणारा मोठा घाट नाही. दुसरा रांग ओलांडणारा रस्ता, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणारा. त्याला घाट किंवा खिंड चुकत नाही. नवख्यानं आधी खोऱ्यातले रस्ते करावेत, रांग नंतर ओलांडावी. पहिल्याच रविवारी वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट चढायला निघालेले आणि नंतर सायकल ओएलएक्सवर टाकलेले दोघंजण माझ्याच सोसायटीत आहेत.

सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही, पण तिला हलका गिअर हवाच. पुढं लहान चेनव्हील आणि मागं 32 किंवा 34 दातांचं मोठं चाक असलं, की बसल्या जागी घाट चढता येतो. टायर 32 मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या. इथल्या डांबराला पावसाळ्यानंतर खड्डे असतात, आणि साइडपट्टी म्हणजे नुसती माती नि खडी. समोरून एसटी आली की तुम्हाला त्याच साइडपट्टीवर उतरायचंय, हे धरूनच टायर निवडा. उलट, गोट्यांचे जाड माउंटन टायर डांबरावर नुसते घरघरतात आणि पाय खातात.

पंक्चरचं सामान मात्र सोबत पाहिजेच : दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप. गावात सायकलचं दुकान मिळालं तरी तिथं जुन्या काळ्या सायकलींच्या नाहीतर पोरांच्या सायकलींच्या ट्यूब असतात. आपल्या मापाची ट्यूब भोर-वाईतही मिळेलच असं नाही. व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल तर पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीला तो बसत नाही. छोटासा पितळी अ‍ॅडॅप्टर येतो, तो व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा.

हे मी शिकलो ते धोमच्या पुढे. मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, पंप मारला, निघालो. दोनशे मीटरवर पुन्हा फुस्स. बाभळीचा काटा टायरमध्येच राहिला होता, बाहेरून टोक दिसत नव्हतं. बांधावर गवत कापणारे एक आजोबा उठून आले, डोक्याचा टॉवेल काढला आणि टायरच्या आतल्या बाजूनं हळूहळू फिरवला. एका जागी टॉवेलचा धागा अडकला. "हितं हाय बघा." नखानं काटा उपटून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. बोटानं चाचपत बसण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी बरी, आणि रक्तही निघत नाही.

बाकी : हेल्मेट, पाण्याच्या दोन बाटल्या, मागचा लाल दिवा (दिवसाही चालू ठेवा, झाडीतल्या वळणावर उपयोगी पडतो), राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की, ओआरएसची दोन पाकिटं, सुटे पैसे. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, खोऱ्यात आत गेल्यावर रेंज जाते. आणि नकाशात पुढं रेघ दिसतेय म्हणजे रस्ता आहे, असं समजू नका. ती रेघ कधी बैलगाडीची वाट असते, तर कधी धरणात बुडालेला जुना रस्ता.

तिथवर पोचायचं कसं

पुण्याहून सायकलवरच निघावं असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. नका करू. सातारा महामार्गावर जड वाहनांच्या शेजारून चालवण्यात मजा नाही, आणि वाईला जायचं तर वाटेत खंबाटकी घाट आहे. सायकल कारच्या मागं लावा किंवा चाकं काढून आत टाका आणि थेट भोरला नाहीतर वाईला उतरा. भोरसाठी कापूरहोळला महामार्ग सोडायचा, वाईसाठी सुरूरला.

एसटीनं सायकल नेणं कंडक्टरच्या मर्जीवर आहे, भरवसा धरू नका. दमलात किंवा सायकल मोडली तर गावातल्या पिकअपवाल्याला विचारा. भाजी किंवा दूध शहरात घेऊन जाणारं कुणी ना कुणी असतंच. वडापच्या जीपच्या टपावरही सायकल बांधून आणता येते. बांधायला दोरी आपली असलेली बरी.

पहिली फेरी : वाई ते धोम

पहिल्या दिवसाला हीच. सकाळी सहा-साडेसहाला ढोल्या गणपतीच्या घाटावरून निघा. तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, आणि मागं कृष्णेच्या घाटावर देवळाजवळ टांगलेली भलीमोठी घंटा. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी ही एक. सकाळी तिथं शुकशुकाट असतो. दहानंतर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात आणि ती मोठाली छत्रीवाली दिव्यांची मंडळी.

पुढं धोम, वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. नरसिंहाचं आणि शंकराचं देऊळ आहे. शंकरासमोरच्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवलाय, पाणी भरलं की तो तरंगत असल्यासारखा दिसतो. नवख्यानं इथून परत फिरलं तरी चालेल. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात, नऊ वाजता वाईत नाश्ता.

ही फेरी करताना एकच गोष्ट शिका. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करायचा. चढावर पाय जड झाल्यावर गिअर बदलायला गेलात की चेन कटकट करते, कधी निसटते, आणि तुम्ही पाय टेकता. धरणाकाठच्या रस्त्याला ओढ्याओढ्याला असे आखूड चढ आहेत : मोरीपर्यंत उतार, मोरीनंतर चढ. सरावासाठी याहून चांगली जागा नाही.

दुसरी फेरी : जोर

ही माझी आवडती. धोमच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता पश्चिमेला जातो, मग बलकवडीचं धरण येतं आणि त्याच्याही वर, खोऱ्याच्या अगदी टोकाशी, जोर गाव. वाईपासून एका बाजूनं तीस किलोमीटरच्या आत-बाहेर. पुढं डोंगराची भिंत. त्या भिंतीच्या माथ्यावर महाबळेश्वर आहे. केट्स पॉइंटच्या कठड्याला टेकून, कणीस खात, लोक हेच धरणाचं पाणी बघत असतात. खाली तुमच्या रस्त्यावर त्यातलं कुणी नसतं.

वेळेचा हिशेब असा मांडा. नवखा माणूस अशा चढ-उताराच्या रस्त्यावर ताशी बारा ते पंधरा किलोमीटर जातो, तेही थांबे न धरता. म्हणजे जोरला पोचायला अडीच तास, परतीला थोडे कमी, मध्ये तासभर विश्रांती. सहाला निघालात तर बाराच्या आसपास वाईत. उशिरा निघालात तर परतीला ऊन डोक्यावर, वारा बहुतेक अंगावर आणि पाणी संपलेलं.

बलकवडीनंतर हॉटेल म्हणावं असं काही धरू नका. गावात किराण्याच्या दुकानात बिस्किटं आणि चहा मिळाला तर मिळाला. जेवायचंच असेल तर जाताना एखाद्या घरी सांगून ठेवा, "मावशी, दोन माणसांची पिठलं-भाकरी होईल का? अकरापर्यंत येतो." होतं बहुतेक. पण सांगितलं तर या, माणसं चूल पेटवून वाट बघतात. आणि पैसे किती हे त्या सांगणार नाहीत, वाईच्या खानावळीत जेवढे दिले असते त्याहून कमी देऊ नका.

भोरकडचे रस्ते

भोरच्या पश्चिमेला तीन रस्ते आहेत, तिन्ही चांगले.

भाटघरच्या पाण्याकाठचा वेळवंडकडे जाणारा रस्ता सगळ्यात निवांत. धरण ब्रिटिशांच्या काळातलं, शंभरीला टेकलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. तेव्हा बघायला गर्दी होते, एरवी नाही.

नीरा देवघरचा रस्ता म्हणजे भोर-महाड रस्ता. हा आरपार जातो, वरंध घाटानं कोकणात उतरतो, म्हणजे माझ्या नियमात बसत नाही. तरी घेतोय, कारण घाट अवघड आहे आणि बरीच वाहनं ताम्हिणीनं जातात. निगुडघरवरून हिर्डोशीपर्यंत जा आणि परत या. पुढं घाटमाथ्यापर्यंत जावंसं वाटेल, जा. पण माथ्यावरून खाली उतरू नका. उतरणं सोपं, पण परत चढायचं आहे हे खाली गेल्यावर आठवतं. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बऱ्याचदा बंदच ठेवतात. भोरमध्ये चौकशी केल्याशिवाय त्या दिवसांत निघू नका.

तिसरा आंबवडेचा. भोरपासून दहा-अकरा किलोमीटर. नागेश्वराचं देऊळ, संस्थानच्या काळातला झुलता पूल, कान्होजी जेध्यांची समाधी. गर्द झाडीत ऐन मे महिन्यातही गार वाटतं. तिथून रस्ता पुढं कोर्ल्याकडे, रायरेश्वराच्या पायथ्याशी जातो आणि शेवटी चांगलाच उभा होतो. तिथं उतरून सायकल ढकलण्यात लाज नाही, मी दरवेळी ढकलतो. आता एक सावधगिरी. आंबवडे वेगळं आणि आंबाडे वेगळं. दुसरं मांढरदेवीच्या रस्त्यावर आहे. घाईत विचारलंत तर घाईतच उत्तर येतं आणि माणूस भलत्या खोऱ्यात शिरतो. "नागेश्वराचं आंबवडे" असं विचारा.

मग रांग ओलांडा : भोर ते वाई, मांढरदेवीवरून

खोऱ्यातले तीन-चार रस्ते झाले, साठ किलोमीटर चालवून दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतोय, मग हा घाट. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर थोडीशी, मांढरदेवीचा डोंगर 1400 मीटरच्या आसपास. दोन्हीकडून चढ भरपूर. मी भोरकडून चढून वाईत उतरतो, कारण वाईत उतरलं की जेवण चांगलं मिळतं. दुसरं कारण नाही.

चढताना घाई करू नका. बोलता येईल एवढ्याच दमानं पायडल मारा. वाक्य मध्येच तुटायला लागलं की गिअर आणखी हलका. वळणावर आतली कड सगळ्यात उभी असते, मागून गाडी नसेल तर किंचित बाहेरून घ्या.

खरी परीक्षा उतारावर. ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापते आणि हाताची बोटं बधिर होतात. दाबा, सोडा, दाबा, सोडा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. वळणात डांबरावर बारीक खडी सांडलेली असते, तिथं पुढचा ब्रेक दाबला तर चाक खालून निघून जातं. माझ्या डाव्या कोपराला त्याची खूण आहे. नजर चाकासमोर नको, जिथं जायचंय तिकडे, वळणाच्या पलीकडे ठेवा. आणि शाळा, देऊळ, वस्ती दिसली की गतिरोधक असणारच असं धरून चाला. त्यावरचे पांढरे पट्टे पुसले जाऊन वर्षं झालेली असतात.

मांढरदेवीला काळुबाईची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, म्हणजे साधारण जानेवारीत. ते आठ-पंधरा दिवस हा रस्ता विसरून जा. एरवीही मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी भाविकांच्या गाड्या असतात. बुधवारी किंवा गुरुवारी हाच घाट आपल्या एकट्याचा वाटतो.

कधी जायचं

दिवाळी ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात भात पिवळा पडतो तेव्हा भोरची खोरी सगळ्यात देखणी, पण दुपारचा पाऊस अजून गेलेला नसतो. मार्चनंतर पहाटे पाचला निघून नऊला सावलीत, एवढंच. एप्रिल-मेमध्ये वणवे असतात. समोरच्या डोंगराला धूर दिसला तर परत फिरा. पावसाळ्यात खोऱ्यातले रस्ते हिरवेगार दिसतात, पण धुक्यात समोरच्याला तुम्ही दिसत नाही. नवख्यानं पहिला पावसाळा बघण्यात घालवावा.

थंडीत वाईकडे एक वेगळी अडचण आहे : ऊस. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ऊस दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर, ड्रायव्हरच्या कानाशी स्पीकर. तुमची घंटी त्याला ऐकू जाणार नाही. मागची ट्रॉली वळणावर आत कापते, तेव्हा तिच्या बाजूनं घुसून पुढं जायचा प्रयत्न कधीच करू नका. ही वर्दळ वाईच्या पूर्वेला, महामार्गाकडे जास्त. धोमच्या पुढं गेलं की कमी होते. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनला यात्रेचं बगाड असतं. त्या दिवशी वाई-बावधन रस्त्यावर माणसांचा पूर असतो, सायकल घरी ठेवून बगाड बघायला जा.

कुत्री, मधमाश्या, माणसं

वस्तीवरची आणि धनगरांची कुत्री सायकलच्या मागं लागतात. जोरात पळवून सुटका होते ती फक्त उतारावर. चढावर सरळ उतरा, सायकल मध्ये धरा, "हाड" म्हणा आणि चालत राहा. चालणाऱ्या माणसात कुत्र्याला फारसा रस नसतो. कड्यांना आग्या मोहळ असतात. अशा ठिकाणी धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको.

अपघात झाला तर रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112. पण रेंज नसेल तर जवळचं घर गाठा, फोनपेक्षा मोटारसायकलवाला आधी येतो. भोर किंवा वाई गाठेपर्यंत मोठा दवाखाना नाही असं समजूनच निघा, आणि निघताना कुठल्या खोऱ्यात जातोय हे घरी सांगा.

माणसांशी बोला. ती विचारतातच.

"कुटनं आला, पाव्हणं?"

"पुण्याहून, मामा."

"सायकलवर? आन् गाडी कुटं बंद पडली?"

गाडी बंद पडलेली नाही, मुद्दामच आलोय, हे पटवायला दोन मिनिटं लागतात. मग चहा येतो. अंतर मात्र विचारू नका. "हे काय, ह्या वळणाच्या म्होरं" याचा अर्थ एक किलोमीटर किंवा सात. त्याऐवजी शेवटची गाडी किती वाजता येते ते विचारा. त्यावर उत्तर नेमकं मिळतं, कारण गावाला ते पाठ असतं.

आणि परतीच्या वाटेवर, ऊन कलल्यानंतर, ती मुक्कामी गाडी समोरून वर येताना दिसली तर तुम्हाला उशीर झालाय. तिच्यासाठी साइडपट्टीवर उतरून उभे राहा, ड्रायव्हरला हात करा, मागचा दिवा तपासा आणि पुढचा लावा.